वर्गातून वस्तू चोरीला गेली? शाळेकडे भरपाई अशी मागा

दप्तर घरी येतं, आतलं घड्याळ येत नाही. लगेच एकजण सांगतो, ‘शाळेवर केस ठोका.’ दुसरा म्हणतो, ‘सोडा हो, शाळा कधी देते का!’ दोघांचंही ऐकू नका. पालक प्रतिनिधी म्हणून असे बरेच अर्ज मी लिहून दिलेत. काहींना पैसे मिळाले, काहींना मिळणारच नव्हते.

त्याच दिवशी वर्गशिक्षकांना लेखी कळवा आणि पोच घ्या. गेलेली वस्तू फोन असेल तर खोक्यावरचा १५ अंकी आयएमईआय क्रमांक, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, लिहून पोलिसांत तक्रार द्या, सिम बंद करा. सीसीटीव्हीचं चित्रण जुनं झालं की त्यावर नवं चढतं, म्हणून ‘अमुक तासाचं चित्रण जपून ठेवा’ असं अर्जातच मागा. ‘आत्ता दाखवा’ म्हणून अडून बसू नका. त्यात इतरांचीही मुलं असतात.

आता खरी मेख. त्या घटकेला वस्तू कोणाच्या ताब्यात होती?

माझ्या पहिल्या अर्जात हा प्रश्नच नव्हता. दोन पानं भरून फी, संस्कार, विश्वास असं सगळं लिहिलं होतं. उत्तर एका ओळीचं आलं: मौल्यवान वस्तू आणू नयेत, ही सूचना डायरीत आहे. चिडलो खूप, पण शाळेचं बरोबर होतं. हेडफोन मुलानं हौसेनं नेले होते आणि बाकावर टाकून तो डबा खायला गेला होता. चोरी शाळेत झाली, एवढ्यानं शाळा देणं लागत नाही.

पुढच्या वेळी प्रकरण वेगळं होतं. खेळाच्या तासाला सरांनी घड्याळं काढून दप्तरात ठेवायला सांगितलं, दप्तरं वर्गातच. दाराला नुसती कडी, कुलूप खिळ्याला लटकलेलं. शिवाय पंधराच दिवसांपूर्वी त्याच वर्गातून चोरी झाल्याचं शाळेला लेखी कळवलेलं होतं. अर्जात या तीनच गोष्टी लिहिल्या, एकही विशेषण न वापरता. धोका माहीत असून साधी काळजी घेतली नाही, म्हणजे निष्काळजीपणा. शाळेनं निम्मी रक्कम दिली.

शिक्षकांनी फोन काढून घेऊन टेबलाच्या खणात ठेवला आणि तिथून तो गेला, तर तुमची बाजू सगळ्यात भक्कम. वस्तू त्यांनी स्वतः ताब्यात घेतली होती. ती कशी सांभाळली हे त्यांनी सांगायचं. ‘हरवल्यास शाळा जबाबदार नाही’ या पाटीला तेव्हा बिचकू नका. पाटी लावली म्हणून हलगर्जी आपोआप माफ होत नाही. ती कितपत चालते हे मात्र देशोदेशीच्या कायद्यावर ठरतं, तेव्हा रक्कम मोठी असेल तर वकिलाला विचारा.

अर्जात कुठल्याही मुलावर नाव घेऊन संशय टाकू नका. एका पालकांनी टाकला आणि वस्तू राहिली बाजूला, माफीनामा लिहायची पाळी त्यांच्यावरच आली.

रक्कम वापरलेल्या वस्तूची मागा, नव्या कोऱ्या वस्तूची नाही. बिल जोडा. घराचा विमा असेल तर पॉलिसी उघडून बघा. काहींत घराबाहेर चोरीला गेलेलं सामानही धरलेलं असतं, आणि तो दावा शाळेच्या उत्तरासाठी अडवून ठेवायची गरज नाही.