डिसेंबर २०२१: मालदीवला निघताय? आधी स्वॅबची वेळ ठरवा, मग तिकीट काढा

डिसेंबर २०२१ मध्ये मालदीवला जायला कोविडची आरटीपीसीआर टेस्ट (नाक-घशातला नमुना, म्हणजे स्वॅब, देऊन होणारी) सक्तीची होती; ती सक्ती आता नाही. तेव्हा सहल ठरवताना बहुतेक घरांत आधी विमानाचं तिकीट निघायचं, मग रिसॉर्ट ठरायचं, आणि टेस्टचं निघायच्या आठवड्यात बघू म्हणून ते राहून जायचं. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. मुंबई-पुण्याच्या माणसाला ती एक वेळ निभावता यायची, कारण लॅब दाराशी होती आणि विमानतळही जवळ होता. सातारा किंवा सांगलीहून निघणाऱ्याला नाही. इथे स्वॅब देणं, तो मोठ्या लॅबला पोचणं, रिपोर्ट येणं आणि मग अडीचशे ते पावणेचारशे किलोमीटरचा रस्ता, हे सगळं ठरावीक तासांतच बसवावं लागायचं.

या लेखातले नियम, दर आणि सल्ले डिसेंबर २०२१ मधले आहेत. ओमायक्रॉन या कोविडच्या नव्या प्रकारामुळे तेव्हा ते सारखे बदलत होते. १५ डिसेंबरपासून सुरू होणारी नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणं ३१ जानेवारी २०२२ पर्यंत पुढे ढकलली गेली होती, आणि मालदीवची विमानं तेव्हा 'एअर बबल' करारावर (दोन देशांनी आपसांत ठरवलेली मोजकी उड्डाणं) चालू होती. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी विमान कंपनीच्या आणि मालदीव इमिग्रेशनच्या साइटवर नियम पुन्हा वाचा. पण विमानतळावरून परत फिरलेल्यांपैकी बरेच जण तेव्हा नियम बदलला म्हणून फिरले नाहीत, तास मोजायला चुकले म्हणून फिरले.

९६ तास रिपोर्टपासून नाही, नमुन्यापासून

मालदीवला जाण्यासाठी तेव्हा निगेटिव्ह पीसीआर लागायचा. त्याचा नमुना पहिल्या विमानतळावरून विमान सुटण्याच्या वेळेच्या ९६ तासांच्या आत घेतलेला असावा लागायचा. रिपोर्टवर दोन-तीन वेगवेगळ्या वेळा छापलेल्या असायच्या: नमुना घेतल्याची, लॅबला मिळाल्याची आणि रिपोर्ट दिल्याची. मोजायची ती पहिली. समजा शनिवारी सकाळी ११ चं विमान आहे. तर मंगळवारी सकाळी ११ च्या आधी दिलेला स्वॅब बाद. सोमवारी संध्याकाळी उरकून टाकलेली टेस्ट फुकट जाते, रिपोर्ट मंगळवारी रात्री आलेला असला तरीही.

उलट टोकाची चूकही तितकीच होते. बरीच खासगी कलेक्शन सेंटर नमुने स्वतः तपासत नाहीत, पुण्या-मुंबईच्या लॅबला पाठवतात. गाडी दिवसातून एकदा किंवा दोनदाच निघते. ती निघून गेल्यावर दिलेला स्वॅब रात्रभर तिथेच राहतो. म्हणून सेंटरला 'रिपोर्ट कधी मिळेल' एवढंच विचारू नका, 'गाडी किती वाजता निघते' हे विचारा. शनिवारच्या विमानासाठी बुधवारी सकाळी पहिल्या खेपेत स्वॅब द्यावा. रिपोर्ट गुरुवारी संध्याकाळपर्यंत येतो आणि शुक्रवार हातात राहतो. काही घोळ झालाच तर त्या दिवशी मुंबईत पुन्हा टेस्ट करता येते. रॅपिड अँटिजेनवर विसंबून भागायचं नाही, ती टेस्ट चालत नव्हती.

रिपोर्टवर क्यूआर कोड हवाच असायचा. भारतातून परदेशी जाणाऱ्यांसाठी २२ मे २०२१ पासून तो सक्तीचा झाला होता. घरी बसूनच तो मोबाइलने स्कॅन करून बघा आणि लॅबच्या साइटवर तुमचाच रिपोर्ट उघडतो का याची खात्री करा.

दीड-दोन महिन्यांत ज्यांना कोविड होऊन गेला आहे त्यांनी जास्त सांभाळायला हवं. आजार बरा होऊनही पीसीआर काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकतो, कारण ही टेस्ट विषाणूचे मेलेले तुकडेही पकडते. अशांनी निघण्याच्या आठ-दहा दिवस आधी एकदा टेस्ट करून घ्यावी. पैसे जातात, पण तारीख पुढे ढकलायची की नाही हे वेळेवर कळतं.

नावाचा घोळ

आपल्याकडे हा घोळ हमखास होतो, म्हणून थोडं सविस्तर. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात असतं. स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव दुसऱ्या रकान्यात. लॅबमध्ये नाव टाइप करणारा माणूस बहुतेक वेळा आधार कार्ड बघून टाइप करतो, कधी मधलं नाव गाळतो, कधी नुसती आद्याक्षरं टाकतो. मग तिकिटावर एक नाव, रिपोर्टवर दुसरं आणि लशीच्या प्रमाणपत्रावर तिसरं. लग्नानंतर पासपोर्ट बदलला नसेल तर त्यावर माहेरचं नाव आणि कोविनवर (लशीच्या नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर) सासरचं, असंही सर्रास असायचं.

उपाय सोपा आहे. स्वॅब द्यायला जाताना आधार कार्ड नेऊच नका, पासपोर्टची झेरॉक्स द्या आणि पासपोर्ट नंबर रिपोर्टवर छापायला सांगा. पावती हातात पडली की काउंटर सोडण्याआधी स्पेलिंग आणि नंबर एकेक अक्षर लावून बघा. नमुना पुढे गेल्यावर दुरुस्ती करायला एक दिवस जातो. कोविनवर लॉग-इन करून 'रेज ॲन इश्यू'मधून पासपोर्ट नंबर जोडा, आणि हे काम दोन आठवडे आधी उरका, कारण नावातली दुरुस्ती तिथे पुन्हा पुन्हा करता येत नाही.

लहान मुलांसाठी दोन देशांचे दोन नियम होते. मालदीवला जाताना फक्त एक वर्षाखालच्या बाळाला टेस्टमधून सूट होती. भारतात परतताना पाच वर्षांखालच्या मुलांना सूट होती. म्हणजे तीन वर्षांच्या मुलाला जाताना स्वॅब द्यावाच लागायचा. 'एवढ्या लहानग्याला कशाला' म्हणून तो राहिला की विमानतळावर सगळं कुटुंब अडकायचं.

मालदीवचा 'इमुगा' हा ऑनलाइन आरोग्य फॉर्म २०२१ मध्ये प्रवासाच्या २४ तासांच्या आत भरायचा असायचा. जाताना एकदा, मालदीवहून परत निघताना पुन्हा. दोन दिवस आधी बसलं तर तो स्वीकारला जात नसे. फोटो, रिपोर्टची पीडीएफ आणि रिसॉर्टचं बुकिंग मोबाइलमध्ये तयार ठेवा आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी भरा. मिळालेल्या क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट घ्या.

सातारा ते विमानतळ

आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी पोचायचं, म्हणजे ११ च्या विमानाला सकाळी ८. आदल्या रात्रीच सांगलीहून गाडी काढून पेठ नाका, कराड, सातारा, खंबाटकी, पुणे, बोरघाट असं सलग जायचं ठरवणारे खूप आहेत. खंबाटकीत किंवा बोरघाटात एक कंटेनर आडवा झाला की दोन तास गेले. महालक्ष्मी एक्स्प्रेसही या विमानासाठी धरू नका. ती वेळेवर सुटली तरी सीएसएमटीला पोचता पोचता सकाळचे सात-साडेसात होतात, आणि तिथून अंधेरीचा रस्ता वेगळाच. आदल्या रात्री विमानतळाजवळ मुक्काम करा. चार दिवसांच्या विश्रांतीसाठी जायचं आणि पहिला दिवस जागरणाने खराब करायचा, हे नको.

मालेला उतरल्यावर पुढे कसं जाणार?

मुंबईहून माले, म्हणजे मालदीवची राजधानी, पावणेतीन तासांच्या आसपास. तिथे घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे चालतं. पुढचा प्रवास तीन प्रकारे होतो: स्पीडबोट, सी-प्लेन, किंवा देशांतर्गत विमान आणि बोट. सी-प्लेन फक्त उजेडात उडतं. तुमचं विमान तिथल्या दुपारी साडेतीननंतर उतरणार असेल तर त्या दिवशी सी-प्लेन मिळत नाही. मग मालेत किंवा शेजारच्या हुलहुमाले बेटावर रात्र काढावी लागते, आणि रिसॉर्टच्या त्या रात्रीचे पैसे बुकिंगप्रमाणे जातात ते जातातच. दुपारचं स्वस्त तिकीट बघून भुलू नका. उशिराचं विमान असेल तर स्पीडबोटने जाता येणारं, मालेजवळचं रिसॉर्ट निवडा. सी-प्लेनला सामानाची मर्यादाही वेगळी असते: साधारण २० किलो आणि हातात ५ किलो. त्यापुढे किलोमागे पैसे.

'३०० डॉलर' म्हणजे किती?

खोलीच्या एका रात्रीच्या दरापुढे '++' दिसलं की थांबा. त्याचा अर्थ सेवाशुल्क आणि त्या एकूण रकमेवर जीएसटी वेगळा; २०२१ मध्ये ते १० टक्के आणि १२ टक्के होते. तेव्हा ३०० डॉलरचे ३३० व्हायचे आणि त्यावर कर लागून ३६९ डॉलर ६० सेंट. शिवाय रिसॉर्टवर ग्रीन टॅक्स, जो तेव्हा माणशी रोज ६ डॉलर होता. दोघांचे चार रात्रींचे १,२०० डॉलर वाटत होते ते प्रत्यक्षात १,५२६ च्या पुढे जायचे. सी-प्लेनचे जाऊन-येऊन माणशी चारशे-पाचशे डॉलर धरले तर राहण्याइतका नाही, पण त्याच्या निम्म्याहून जास्त खर्च नुसत्या त्या उड्डाणाचा व्हायचा. चौकशी करताना एकच प्रश्न लेखी विचारा: ट्रान्सफर, कर आणि जेवण धरून दोघांचे सगळे मिळून किती?

जेवणाच्या प्लॅनमध्येही अशीच फसगत होते. महाबळेश्वरला किंवा गोव्याला हॉटेलात नाश्ता करून बाहेर कुठेही जेवता येतं. मालदीवमध्ये बेट म्हणजेच रिसॉर्ट, बाहेर पाणी. नुसत्या नाश्त्याच्या प्लॅनवर गेलात तर दुपारच्या साध्या सँडविचलाही डॉलर मोजावे लागतात. निदान हाफ बोर्ड (नाश्ता आणि एक जेवण) घ्या, मुलं असतील तर फुल बोर्ड (नाश्ता आणि दोन्ही जेवणं). शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा आणि 'अंडं, मासे, चिकन सूप चालत नाही' असं फोडून सांगा. नुसतं 'व्हेज' म्हटलं की माशाचा रस्सा पुढे येऊ शकतो.

पॅकेज भारतातल्या एजंटकडून घेतलं तर त्यावर टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच वसूल होणारा आयकर, लागतो; १ ऑक्टोबर २०२० पासून तो ५ टक्के होता. तो आयकर विवरणपत्रात परत मागता येतो, म्हणून पॅन नंबर देऊन पावती घ्या. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू आहेत का हे बँकेच्या ॲपमध्ये बघा; नव्या कार्डांवर ते मुळातच बंद असतात.

बुकिंग फुकटात रद्द करता येईल असंच घ्या, दोन-चार हजार जास्त गेले तरी. २०२१ मध्येच १३ मे रोजी मालदीवने भारतीय पर्यटकांचा प्रवेश बंद केला होता. तो १५ जुलैला उघडला. मे-जूनची बुकिंग असणाऱ्यांना तेव्हा हाच फरक नडला.

बॅगेत काय नको

मालदीव कस्टम्स दारू आत येऊ देत नाही. ड्यूटी फ्रीची बाटली विमानतळावरच ठेवून घेतात, परतताना मिळते. पूजेच्या मूर्तींना बंदी आहे. प्रवासात छोटा गणपती सोबत ठेवायची सवय अनेकांना असते; तो या वेळी देव्हाऱ्यातच असू द्या. औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या. खाऊ न्यायचा तर सांगलीचा भडंग सगळ्यात बरा: हलका, कोरडा, टिकणारा. कंदी पेढे त्या दमट उन्हात फार टिकत नाहीत.

तेव्हा मास्क माणशी रोजचे दोन धरावे लागायचे. समुद्रावर ते भिजतात, आणि भिजलेला मास्क उपयोगाचा नसतो.

ऊन हा स्वतंत्र विषय आहे. साताऱ्यात डिसेंबरात स्वेटर घालून निघालेला माणूस विषुववृत्तापासून फक्त चार अंशांवर उतरतो. स्नॉर्केलिंगमध्ये पाठ वर आणि तोंड पाण्यात असतं, गार वाटतं, आणि तासाभरात पाठ भाजते. पुढचे दोन दिवस नीट झोपता येत नाही. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट घाला, क्रीम पाण्यात उतरण्याआधी अर्धा तास लावा, ११ ते ३ सावलीत राहा. ज्यांना पोहता येत नाही त्यांनी रिसॉर्ट निवडताना 'लगून (बेटाभोवतीचं शांत पाणी) उथळ आहे का' हे विचारावं. किनाऱ्याजवळच खोल रीफ (प्रवाळाचा खडक) असलेली बेटं पोहणाऱ्यांसाठी उत्तम, पण रीफची कड संपते तिथे पाणी एकदम खोल जातं आणि ओढही असते.

परतीचा स्वॅब

भारतात परतताना तेव्हा नमुना प्रवासाच्या ७२ तासांच्या आतला लागायचा, ९६ नाही. जाताना केलेल्या टेस्टवर परतता येईल असं समजून तीन रात्रींची सहल आखणारे इथे अडकायचे. शनिवारी जाऊन बुधवारी दुपारी २ ला परतायचं असेल तर रविवारी दुपारी २ च्या आधीचा स्वॅब चालायचा नाही. बेटावर घेतलेला नमुना बोटीने किंवा सी-प्लेनने लॅबला जायचा, म्हणून मंगळवारही उशिराचा. सोमवारी सकाळ, हीच योग्य वेळ. बुकिंग करतानाच रिसॉर्टला तीन गोष्टी ईमेलवर विचारा: स्वॅब कुठल्या वारी घेता, माणशी किती डॉलर, रिपोर्ट किती तासांत. काही ठिकाणी ही टेस्ट पॅकेजमध्ये असायची. शुक्रवार तिथे सुट्टीचा दिवस, म्हणून शनिवारी परतीचं तिकीट असणाऱ्यांनी हे नक्कीच विचारावं.

आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर? हा प्रश्न आधीच विचारून ठेवा. विलगीकरण त्याच रिसॉर्टमध्ये की दुसरीकडे, खोलीचा दर काय, जेवण धरून की वेगळं, आणि ज्याचा रिपोर्ट निगेटिव्ह आहे त्याचं काय. काही रिसॉर्ट या दिवसांचा दर बराच कमी लावायची, काही पूर्ण लावायची. विलगीकरणाचा खर्च देणारा प्रवास विमा काढा. नुसता 'कोविड कव्हर' असा शब्द वाचून नाही, तर त्यात हॉटेलमधलं विलगीकरण आहे का हे बघून. नेहमीच्या गोळ्या चार दिवसांच्या नव्हे, निदान पंधरा दिवसांच्या घ्या. घरी वयस्कर आई-वडील किंवा जनावरं असतील तर दहा दिवस जास्त लागले तरी कोण बघेल हे सांगून निघा.

रिपोर्ट आला की भारत सरकारच्या तेव्हाच्या 'एअर सुविधा' पोर्टलवर तो, पासपोर्टचं पान आणि मागच्या १४ दिवसांचा प्रवास भरावा लागायचा. पीडीएफ लहान करून ठेवा. मोठी फाइल अडकते. हे काम मालेच्या विमानतळावर रांगेत उभं राहून नको, आदल्या दिवशी रिसॉर्टच्या वायफायवर करा आणि रिसेप्शनकडून सगळ्याच्या दोन-दोन प्रती छापून घ्या. मुंबईत उतरणाऱ्यांपैकी २ टक्के प्रवाशांचा स्वॅब तेव्हा पुन्हा घ्यायचे. तुमचा नंबर लागला तर वेळ जाणारच, म्हणून साताऱ्याहून बोलावलेल्या गाडीवाल्याला विमान उतरण्याची वेळ सांगू नका, त्यापुढची तीन तासांनंतरची सांगा.