माळ्यावरचा जुना टीव्ही गेम: पुसायच्या आधी नोंद कशी करायची

माळ्यावरनं जुना व्हिडिओ गेमचा सेट खाली काढला की हात आधी फडक्याकडं जातो, म्हणून पहिलं सांगणं हेच की फडकं लांब ठेवा. कोल्हापुरात मंगळवार पेठेत मामांच्या घरी असाच एक सेट निघाला होता, मी हौसेनं सगळ्या कॅसेटी स्पिरिटनं पुसून चकाचक केल्या आणि एका कॅसेटच्या पाठीमागं बॉलपेननं लिहिलेलं नाव त्यात साफ निघून गेलं. मामा नंतर म्हणाले, "अरे ती आपली नव्हतीच, गल्लीतल्या एका पोराबरोबर अदलाबदल केलेली, त्याचंच नाव होतं ते." आता ते नाव त्यांनाही आठवत नाही. मला ते अजून लागतं मनाला. तेव्हापासून माझा क्रम ठरलाय, आधी फोटो, मग नोंद, मग टेस्ट आणि पुसणं सगळ्यात शेवटी.

आता नोंद आपणच का करायची तर नेटवर ज्या मोठमोठ्या याद्या आहेत त्यात आपल्याकडचे सेट धड सापडतच नाहीत. मूळ मशीन निन्टेन्डोचं फॅमिली कॉम्प्युटर म्हणजे फॅमिकॉम, जपानमध्ये १५ जुलै १९८३ ला आलेलं, मॉडेल नंबर एचव्हीसी-००१. आपल्या घराघरात नव्वदच्या दशकात जे पोचलं ते बहुतेक त्याच घराण्यातलं पण दुसऱ्याच नावाचं, कुणाकडं समुराई, कुणाकडं मीडिया, कुणाकडं लिटल मास्टर, आणि बऱ्याच डब्यांवर तर कुणाचंच धड नाव नाही. शिवाय आपण त्याला कन्सोल कधी म्हटलंच नाही, तो 'टीव्ही गेम' नाहीतर 'सेट', कंट्रोलर म्हणजे 'रिमोट', कार्ट्रिज म्हणजे 'कॅसेट' आणि लाइट गन म्हणजे सरळ 'बंदूक'. यादीत दोन्ही शब्द लिहा, उद्या तुमची पोरं कुठल्या शब्दानं शोधतील सांगता येत नाही.

सुरुवात नंबरापासनं. प्रत्येक सुट्या वस्तूला वेगळा नंबर पाहिजे, 'सेट आणि सामान' अशी एक ओळ लिहून चालत नाही कारण सहा महिन्यात रिमोट एकीकडं आणि अ‍ॅडॅप्टर दुसरीकडं होतो. मी सेटला ०१ देतो आणि त्याच्या सामानाला ०१-१, ०१-२ असं पुढं. नंबर वस्तूवर मार्करनं लिहू नका, स्टिकर पण नको, त्याचा गोंद प्लॅस्टिकवर कायमचा डाग सोडतो. जाड कागदाचा तुकडा घ्या, पेन्सिलनं नंबर लिहा आणि सुती दोऱ्यानं बांधा, सोनाराकडं दागिन्याला चिठ्ठी बांधतात ना तशी. कॅसेटला दोरा बांधायला जागा नसते, तिथं कागदी पाकिटात घालून पाकिटावर नंबर.

फोटो दिवसा खिडकीजवळ काढा, फ्लॅश नको. प्रत्येक वस्तूच्या सहाही बाजू, शेजारी पट्टी, फ्रेममध्ये नंबरची चिठ्ठी. खालच्या बाजूचं लेबल जवळनं घ्या, बारीक अक्षरं वाचता आली पाहिजेत. सेट ज्या खोक्यात आणि ज्या कागदात गुंडाळलेला होता त्याचाही फोटो काढा. आमच्याकडं पुढारीचं पान निघालं, त्यावर तारीख होती, अर्थात ती सेट घेतल्याची तारीख नव्हे, तो गुंडाळून वर टाकल्याची फार तर, पण तेवढं तरी कळलं.

मग येतं की ही वस्तू नक्की आहे काय. डब्यावरच्या नावावर विश्वास ठेवू नका, डबा कशाचाही असतो. अस्सल फॅमिकॉमचे दोन्ही रिमोट मशीनलाच कायमचे जोडलेले असतात, आणि दुसऱ्या रिमोटवर स्टार्ट-सिलेक्ट बटणं नसतात, त्याजागी छोटा माइक असतो (नंतरच्या छोट्या नव्या मॉडेलचे रिमोट मात्र निघतात). आपल्याकडच्या कॉपी सेटला बहुतेक वेळा नऊ पिनचा निघणारा रिमोट असतो. हात बसला असेल तर खालचे स्क्रू काढून आत बघा, साधा स्टार स्क्रू ड्रायव्हर चालतो, आणि नसेल जमत तर उद्यमनगरातल्या एखाद्या वर्कशॉपात नाहीतर ओळखीच्या टीव्ही रिपेअरवाल्याकडं बसून उघडून घ्या पण फोटो तुम्हीच काढा. आतल्या बोर्डावर सुट्या चिप आहेत का डांबरासारखा एकच काळा थेंब आहे (चिप त्याखाली झाकलेली असते) हे लिहा. चिपवर बऱ्याचदा चार आकडे असतात, ९३२८ म्हणजे १९९३ सालातला २८ वा आठवडा. जेवढे सापडतील तेवढे लिहून घ्या, त्यातला सगळ्यात अलीकडचा आकडा बघायचा, सेट त्याच्या आधी बनलेला असूच शकत नाही. "९० साली घेतला" असं घरचे कितीही ठासून सांगू देत, चिप ९३ ची असेल तर ते साल '९३ किंवा नंतर' असंच पडणार, घरच्यांचं म्हणणं शेजारच्या रकान्यात लिहा, खोडू नका.

अ‍ॅडॅप्टरवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण सेट जळतो तो इथंच. जपानी अस्सल अ‍ॅडॅप्टर १०० व्होल्टच्या लाईनीचा असतो, आपल्या २३० च्या बोर्डात थेट घातला की संपला. त्याचं आउटपुट १० व्होल्ट डीसी, ८५० मिलीअँपिअर आणि पिनच्या आतली बाजू निगेटिव्ह. एनईएस म्हणजे निन्टेन्डोनं हेच मशीन अमेरिकेत ज्या रूपात विकलं ते, त्याचा अमेरिकन अ‍ॅडॅप्टर ९ व्होल्ट एसी देतो, तो फॅमिकॉमला लावायचा नाही. कॉपी सेटमध्ये कुठं आत निगेटिव्ह कुठं आत पॉझिटिव्ह, काही नेम नाही. म्हणून मल्टिमीटर लावून बघा आणि लेबलवर काय छापलंय आणि मीटरवर काय आलं हे दोन्ही लिहा. जुन्या जड ट्रान्सफॉर्मरवाल्या अ‍ॅडॅप्टरला लोड नसताना ९ च्या जागी १२-१३ व्होल्ट दिसले तर घाबरू नका, ते तसंच असतं. पण सेट २०१९ किंवा २०२१ च्या पुरात भिजलेला असेल तर टेस्टच करू नका. चिखलाची रेघ कुठपर्यंत आली ते फोटोत घ्या, 'पुरात भिजला, चालू करून बघितला नाही' असं लिहा आणि आधी जाणकाराकडनं बोर्ड साफ करून घ्या.

रिमोटचं एकच सांगतो. नऊ पिनचा प्लग अटारीला पण असतो, सेगा मेगा ड्राइव्हला पण असतो (हे दुसऱ्या कंपन्यांचे सेट), आतलं वायरिंग मात्र वेगवेगळं. प्लग बसला म्हणजे जोडी जुळली असं नव्हे.

कॅसेट म्हणजे या सगळ्यातला माझा जीव. आधी पिना मोजा, ६० असतील तर फॅमिकॉमची जात, ७२ असतील तर एनईएस. मग रंग, लेबलवरचं चित्र, लेबल फाटलंय का, मागं काय लिहिलंय. भाड्यानं गेम देणाऱ्या दुकानांचे नंबर, शिक्के, पेननं केलेल्या खुणा असतात, त्या घाण समजू नका, कॅसेट कुठनं कुठनं फिरली त्याचा तोच पुरावा. '९९९९९९९ इन १' वाल्या कॅसेटला तीन रकाने लागतात, लेबलवर किती लिहिलेत, मेन्यूत किती दिसतात आणि खरे वेगळे गेम किती. हे तिसरं शोधायला बसून एकेक गेम चालू करून बघावा लागतो, तोच मारिओ वेगळ्या लेव्हलपासनं सुरू करून नवीन नाव दिलेला असतो. एक दुपार जाते पण असं काम कुणीतरी केल्याशिवाय त्या कॅसेटमध्ये काय होतं ते कधी कळणार नाही. मेन्यूच्या प्रत्येक पानाचा फोटो घ्या, स्पेलिंग चुकलेलं असेल तर तसंच्या तसं उतरवा, त्या चुकांवरनंच दोन कॅसेटी एकाच ठिकाणच्या असल्याचं ओळखू येतं. आणि चालली नाही तर आत फुंकर मारू नका, तोंडातल्या ओलाव्यानं पिना गंजतात. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून फक्त पिना पुसा, लेबलजवळ नेऊ नका.

बंदुकीबद्दल लोक हमखास 'बंद आहे' लिहितात आणि ते चूक असतं. बदकं मारायच्या गेममध्ये ट्रिगर दाबला की स्क्रीन क्षणभर काळी होते आणि जिथं बदक आहे तिथं पांढरा चौकोन येतो, बंदूक तो उजेड बघते. हा हिशोब जुन्या डबड्या टीव्हीच्या वेळेवर बसवलेला, नव्या एलसीडीवर चित्र उशिरा येतं म्हणून लागत नाही. जुना टीव्ही नसेल तर 'जुन्या टीव्हीवर टेस्ट बाकी' असं लिहा.

स्थितीचा रकाना आणि चालू-बंदचा रकाना कायम वेगळे ठेवा. 'चांगला आहे' हे वाक्य नोंदीत नको, 'उजव्या कोपऱ्यात २ सेंमी तडा, वरचं झाकण पिवळं पडलेलं, पॉवर बटण अडकतं' असं पाहिजे. माझी एक नोंद बघा: '०१-४, कॅसेट, पिवळी, ६० पिन, लेबल अर्धं फाटलेलं, मागं निळ्या पेननं १७, मेन्यूत ६४, वेगळे गेम २१, चालू, मामांकडनं.'

घरच्यांशी बोलायचं काम यादी अर्धी झाली की करा, आधी नको. वस्तू समोर मांडून विचारलं की आठवतं. कुठल्या रस्त्यावरच्या दुकानातनं घेतला, कितीला, कुणी पैसे दिले, आणि कुणाचा रिमोट कुणाकडं राहिला. मामी सहसा बोलत नाहीत, पण बंदूक हातात दिल्यावर त्यांनी सांगितलं की दुपारी पोरं शाळेत गेली की त्या आणि शेजारच्या काकी खेळायच्या. हे कुणालाच माहीत नव्हतं. फोनवर रेकॉर्ड करा, विचारून, आणि फाइलला तोच नंबर द्या.

ठेवताना वायरी प्लॅस्टिकला चिकटून ठेवू नका, वायरीचं मऊ आवरण कालांतरानं पाझरतं आणि डब्यावर चर पाडतं. रबरबँड पण नको, वितळून बसतं. आपला पावसाळा बघता सिलिका जेलच्या पुड्या घाला, जूनच्या आधी बदला. पत्र्याखालच्या माळ्यावर परत टाकू नका, तिथं उन्हाळ्यात भट्टी होते. शीट फोनवर आणि दुसऱ्या एकाकडं ठेवा, आणि एक प्रिंट काढून खोक्यातच वरती. आमच्या प्रिंटवर मामांनी पेननं एक ओळ वाढवली आहे, '०१-७, दुसरा रिमोट, थोरल्याकडं पुण्यात आहे, दिवाळीत आणणार.'