‘सरांचा स्वभावच तसा आहे’ : रुग्णालयातील डॉक्टरांची दहशत हाताळताना या चुका टाळा

नाशिकमधील एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात फोनशेजारी भिंतीवर एक कागद चिकटवलेला होता. त्यावर व्हिजिटिंग कन्सल्टंट, म्हणजे बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञ डॉक्टरांची नावे आणि मोबाइल क्रमांक छापलेले होते, आणि बहुतेक नावांपुढे वेगवेगळ्या हस्ताक्षरांत पेन्सिलीने काही ना काही लिहिलेले होते : ‘अकरानंतर नको’, ‘आधी आरएमओंना (ड्यूटीवरच्या निवासी डॉक्टरांना) विचारा’, ‘मॅडमना मेसेज, फोन नाही’, आणि एका नावापुढे नुसत्या दोन फुल्या. गुणवत्ता विभागाच्या कामासाठी मी तिथे रुजू झाल्यावर घटना-नोंदवही मागवून पाहिली, तर डॉक्टरांच्या वर्तनाबद्दल वर्षभरात तीत एकही नोंद नव्हती. व्यवस्थापनाला त्या कोऱ्या नोंदवहीचा अभिमान होता. भिंतीवरचा कागद त्यांनी कधी वाचला नव्हता, आणि ज्या सिस्टरांनी तो इतक्या निगुतीने लिहिला होता, त्यांनाही आपण एक प्रकारे तक्रारच नोंदवत आहोत असे कधी वाटले नव्हते.

कोरी नोंदवही म्हणजे शांतता, असे धरून चालणे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. कर्मचारी तक्रार करत नाहीत याचे कारण ‘आमच्या मुली घाबरट आहेत’ असे सांगितले जाते. प्रत्यक्षात त्या घाबरट नसतात, हिशेबी असतात. नाशिकच्या मध्यम आकाराच्या रुग्णालयांत सर्जन किंवा फिजिशियन बहुधा पगारी नसतात. ते सकाळी एका ठिकाणी शस्त्रक्रिया करतात, दुपारी दुसरीकडे राउंड घेतात आणि संध्याकाळी स्वतःच्या दवाखान्यात बसतात. ते नाराज झाले तर त्यांच्या केसेस दुसऱ्या रुग्णालयात जातात, हे वॉर्डातल्या मावशींनाही ठाऊक असते. याउलट सिस्टर गेली तर आठवडाभरात दुसरी मिळते, असे व्यवस्थापन मानते. या दोन वजनांमध्ये तागडी कोणीकडे झुकेल, हे कळण्यासाठी कोणालाही प्रशिक्षणाची गरज पडत नाही.

या हिशेबाची किंमत रुग्ण मोजतो. त्याच रुग्णालयात सुरगाण्याकडून आलेल्या, पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या एका बाईंची नाडी रात्री एक वाजता ९६ होती, तीन वाजेपर्यंत ती ११८ झाली, आणि लघवीच्या पिशवीत दोन तासांत मिळून जेमतेम ३० मिली जमा झाले होते. वजन साधारण ५० किलो असलेल्या रुग्णाला तासाला किमान २५ मिलीच्या आसपास लघवी होणे अपेक्षित असते. सिस्टरने हे सर्व आकडे केसपेपरवर वेळेसह नीट लिहिले, आरएमओंना सांगितले, आणि दोघांनी मिळून कागदावरच्या त्या दोन फुल्यांकडे पाहून ठरवले की सर सकाळी साडेसहाला येतातच. सात वाजता पोट पुन्हा उघडावे लागले. आत रक्तस्राव होत होता. बाई वाचल्या. घटना-अहवालात कारण म्हणून ‘संवादातील त्रुटी’ असे लिहिले गेले आणि त्यावर तिथल्या तिथे पडदा पडला. फोन का केला गेला नाही, हे त्या अहवालात कोणी विचारलेच नाही.

हे केवळ आपल्याकडचे दुखणे नाही. अमेरिकेतील रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेने जुलै २००८ मध्ये याच विषयावर धोक्याची सूचना काढली आणि १ जानेवारी २००९ पासून मान्यताप्राप्त रुग्णालयांना वर्तनाची लेखी संहिता बंधनकारक केली. त्या सूचनेत उद्धृत केलेल्या एका पाहणीनुसार ४० टक्के आरोग्य-कर्मचाऱ्यांनी धाक दाखवणाऱ्या व्यक्तीला प्रश्न विचारण्याऐवजी गप्प राहणे पसंत केले होते.

म्हणून नोंदवही मोजू नये, पळवाटा मोजाव्यात. कोणत्या डॉक्टरांना फोन करण्याऐवजी आरएमओंना मध्ये घातले जाते, कोणाच्या ओटी लिस्टला (शस्त्रक्रियांच्या यादीला) ड्यूटी लागली की सिस्टर आपसांत पाळी बदलून घेतात, कोणाची तोंडी ऑर्डर ऐकू आली नाही तरी पुन्हा विचारली जात नाही, एवढे तीन प्रश्न मेट्रननी, म्हणजे मुख्य परिचारिकेने, चहाच्या वेळी सहज विचारले, तर नोंदवहीत जे नाही ते सर्व समोर येते.

‘पण हाताला यश आहे’

हे वाक्य ऐकले नाही असा एकही रुग्णालय-प्रशासक नसेल. हाताला यश असणे आणि तोंडाने जहाल असणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, तोंडामुळे हाताचे काम बिघडत नाही, असे त्यामागचे गृहीतक असते. इस्रायलमध्ये नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागातील २४ पथकांवर केलेला एक प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. सरावासाठी उभ्या केलेल्या आजारी बाळाच्या प्रसंगात काही पथकांना बाहेरून आलेल्या तज्ज्ञाने तुच्छतेचे शेरे ऐकवले आणि काहींशी तो तटस्थपणे बोलला. ज्यांनी अपमान ऐकला त्यांचे निदानही कमी अचूक ठरले आणि हातून होणारी कामेही ढिली पडली. शेरे ओरडून मारलेले नव्हते, आणि तज्ज्ञ त्यांचा वरिष्ठही नव्हता. म्हणजे सर्जनचा स्वतःचा हात कितीही चांगला असला, तरी शेजारी उभ्या असलेल्या सिस्टरचा, भूलतज्ज्ञाचा आणि टेक्निशियनचा हात त्याच्या तोंडामुळे बिघडत असतो, आणि शस्त्रक्रिया एका हाताने होत नाही.

स्वभावाची तक्रार लिहिणे

तक्रार आली तरी ती बहुधा अशा शब्दांत येते : ‘सर फार उद्धट आहेत, सर्वांना त्रास देतात.’ या वाक्यावर कोणीही काहीही करू शकत नाही, आणि संबंधित डॉक्टर दोन मिनिटांत ते उडवून लावतात. स्वभावाची चौकशी होत नाही, घटनेची होते. तेच असे लिहिले की, ‘मंगळवारी सकाळी ९.२० वाजता ओटी क्रमांक दोनमध्ये, रुग्ण टेबलावर असताना, स्पंज मोजणी जुळत नसल्याचे सांगितल्यावर सरांनी ट्रे ढकलला आणि “मोजता येत नसेल तर घरी बसा” असे म्हटले. त्यानंतर दुसरी मोजणी न करता टाके घालण्यास सुरुवात झाली,’ तर वाचणाऱ्याला रुग्णाचा धोका, म्हणजे स्पंज शरीरात राहून जाण्याची शक्यता, दिसतो आणि उत्तर देणाऱ्यालाही घटनेबद्दलच बोलावे लागते. दिवस, वेळ, जागा, शब्द जसेच्या तसे, समोर कोण होते आणि रुग्णावर काय परिणाम झाला, एवढे पुरे आहे, विशेषणे गाळावीत.

ओरडणे तेवढेच गैरवर्तन, हाही एक गैरसमज आहे. फोन मुद्दाम न उचलणे, प्रश्नाला उत्तर न देता निघून जाणे, शस्त्रक्रियेपूर्वीच्या सुरक्षा-तपासणीच्या वेळी ‘तुमचा कागद तुम्ही भरा’ असे म्हणून हात धुवायला जाणे, हे आवाज न चढवता केलेले वर्तन अधिक घातक असू शकते, कारण ते कोणाच्या लक्षात येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये आणलेल्या शस्त्रक्रिया-सुरक्षा यादीत पथकातील प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगावे असा टप्पा आहे. ज्याने एकदा नाव उच्चारले, तो पुढे धोका दिसल्यावर बोलण्याची शक्यता वाढते, हे त्यामागचे तत्त्व आहे. आपल्याकडे तो टप्पा सर्वांत आधी गाळला जातो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. निर्जंतुक केलेला सेट अपुरा आला म्हणून चिडून लेखी हरकत घेणारा डॉक्टर आणि सिस्टरचा पाणउतारा करणारा डॉक्टर यांना एका मापाने मोजू नये. रुग्णहितासाठी सद्भावनेने केलेली टीका गैरवर्तन मानू नये, असे अमेरिकन मेडिकल असोसिएशननेही या विषयावरच्या आपल्या भूमिकेत स्पष्ट केले आहे. अडचणीचे प्रश्न विचारणाऱ्या डॉक्टरला ‘भांडखोर’ ठरवून बाजूला करणारी व्यवस्थापनेही असतात.

समोरासमोर बसवून ‘मिटवून टाकणे’

ही चूक चांगल्या हेतूने होते, म्हणून ती सुटत नाही. प्रशासक सिस्टरला केबिनमध्ये बोलावतात. ती आत जाते तर सर आधीच खुर्चीत बसलेले असतात, समोर चहा असतो, आणि ‘आपण एका घरातली माणसे आहोत’ असे सुरुवातीचे वाक्य असते. सर म्हणतात, ‘मी तुला मुलीसारखी मानतो.’ त्यानंतर तिला काय बोलता येणार? ती मान हलवते, प्रकरण मिटल्याची नोंद होते, आणि पुढच्या महिन्याच्या ड्यूटी चार्टमध्ये तिचे नाव दुसऱ्या वॉर्डात दिसते. ‘तिच्याच सोयीसाठी’ ही बदली केलेली असते. मात्र संपूर्ण मजला ती शिक्षा म्हणूनच वाचतो. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून ज्या शहरात आहे, त्या शहरातील रुग्णालयांत नर्सिंगच्या विद्यार्थिनी सतत प्रशिक्षणासाठी येत असतात. औषधांच्या मात्रा शिकण्याआधी त्या ड्यूटी चार्ट वाचायला शिकतात.

यापेक्षा चांगली रीत अवघड नाही. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठातील गेराल्ड हिक्सन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मांडलेली पायऱ्यांची पद्धत आपल्याकडेही सहज बसते. एकट्या घटनेसाठी त्याच दर्जाच्या एका डॉक्टरने कॉफी पिता पिता खासगीत दोन गोष्टी सांगाव्यात. आपल्याकडे चहा चालेल. तशाच तक्रारी पुन्हा पुन्हा येऊ लागल्या तर माहिती समोर ठेवून औपचारिक जाणीव द्यावी. तरी फरक न पडल्यास पदाधिकाऱ्यांनी सुधारणेची लेखी योजना आणि मुदत द्यावी. शिस्तभंगाची कारवाई शेवटी. पहिली पायरी अनेकांच्या बाबतीत पुरेशी ठरते, कारण आपले बोलणे समोरच्याला कसे ऐकू जाते हे अनेक डॉक्टरांना तोपर्यंत कोणी सांगितलेलेच नसते.

या चहाला कोणी बसावे, हे महत्त्वाचे आहे. मनुष्यबळ विभागातील तरुण अधिकाऱ्याला ज्येष्ठ सर्जनकडे पाठवणे म्हणजे दोघांचाही अपमान करणे होय. भेट घटनेनंतर काही दिवसांतच व्हावी आणि ती कोण खरे कोण खोटे हे ठरवण्यासाठी नसावी. ‘अशी एक घटना कळली, तुमची बाजू वेगळी असू शकते, पण पाहणाऱ्याला ते असे दिसले’ एवढेच सांगून थांबावे. नाव गुप्त ठेवण्याचे आश्वासन विचार करून द्यावे. सहा खाटांच्या विभागात तीन सिस्टर असताना नाव झाकले तरी ओळखू येते. म्हणून पुढचे पाऊल टाकण्यापूर्वी तक्रारदाराला विचारावे, आणि ‘कोणी सांगितले’ याचा शोध घेणे किंवा सूड घेणे हा स्वतंत्र गैरवर्तनाचा प्रकार मानला जाईल, असे डॉक्टरांना त्याच भेटीत स्पष्ट सांगावे.

चहाने मिटवू नयेत अशी प्रकरणे

लैंगिक स्वरूपाचे शेरे, स्पर्श किंवा मागणी असेल तर वरची कोणतीही पायरी लागू होत नाही. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती हवी, तिच्या सदस्यांपैकी किमान निम्म्या स्त्रिया हव्यात आणि एक सदस्य बाहेरचा हवा. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते, सबळ कारण असल्यास समिती आणखी तीन महिने वाढवू शकते, आणि चौकशी ९० दिवसांत पूर्ण करायची असते. ‘सर आमचे कर्मचारी नाहीत, व्हिजिटिंग आहेत’ ही सबब मालकाने सांगू नये, कारण कामाच्या ठिकाणी संपर्कात येणाऱ्या व्यक्तींपासून सुरक्षितता देणे हेही त्याच कायद्याने त्याचे कर्तव्य ठरवले आहे. मारहाण किंवा जातिवाचक शिवीगाळ हा पोलिसांचा विषय आहे.

त्याच सबबीतून आणखी एक उणीव दिसते. कन्सल्टंटबरोबरच्या करारात टक्केवारी, ओपीडीची वेळ आणि पार्किंगसुद्धा असते, पण वर्तनाबद्दल एक ओळही नसते. ती ओळ करार नव्याने होताना सर्वांसाठी एकदम घालावी. भांडणानंतर एकासाठी घातली तर ती सूडाची वाटते.

फक्त सिस्टरना ‘सॉफ्ट स्किल’ शिकवणे

त्रास एकाने द्यायचा आणि कार्यशाळेला दुसऱ्याने बसायचे, असा हा प्रकार आहे. तरीही एक कौशल्य शिकवण्यासारखे खरोखर आहे, ते म्हणजे रात्रीचा फोन. परिस्थिती, पार्श्वभूमी, आपला अंदाज आणि आपली मागणी, या क्रमाने बोलण्याची पद्धत अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांतून रुग्णालयांत आली. मराठीत ती अशी होईल : ‘सर, आयसीयूमधून बोलते आहे, बेड चार. नाडी दोन तासांत ९६ वरून ११८ झाली आहे आणि लघवी दोन तासांत ३० मिली आहे. काल दुपारी पोटाची शस्त्रक्रिया झाली आहे. आत रक्तस्राव होत असावा अशी मला काळजी वाटते. आपण येऊन पाहावे.’ हे वीस सेकंदांत होते, आणि चिडण्यासाठी समोरच्याला फारशी जागा उरत नाही. उत्तर टाळले गेले तर तीच काळजी दुसऱ्यांदा, त्याच शब्दांत सांगावी. तरीही काही झाले नाही तर पुढचा फोन कोणाला करायचा, ते नाव आधीच भिंतीवर हवे, आणि रात्री फोन केल्याबद्दल कोणालाही जाब विचारला जाणार नाही, असे वैद्यकीय संचालकांच्या सहीचे पत्र त्याशेजारी हवे. सही नसलेले आश्वासन रात्री तीन वाजता कोणाच्याही उपयोगी पडत नाही.

आमच्याकडे त्या रात्रीनंतर जुना कागद काढून नवा लावला गेला. प्रत्येक नावापुढे पर्यायी डॉक्टरचा क्रमांक आणि खाली संचालकांची सही होती. पहिले दोन महिने तो स्वच्छ राहिला. तिसऱ्या महिन्यात एका नावापुढे पुन्हा पेन्सिलीची एक बारीक फुली आली. मेट्रननी ती खोडली नाही. त्यांनी मोबाइलवर तिचा फोटो काढला आणि महिन्याच्या बैठकीत विषयपत्रिकेवरचा पहिला विषय म्हणून तो टेबलावर ठेवला.