हेंडरसन फील्ड, १९४२: धावपट्टीवरचा बाँबचा खड्डा ४० मिनिटांत बुजवायची रीत

प्रशांत महासागरातल्या ग्वाडलकनाल बेटावरची ही धावपट्टी जपान्यांनी बांधायला घेतली होती. ऑगस्ट १९४२ मध्ये अमेरिकी मरीन्सनी ती ताब्यात घेऊन पुरी केली आणि १ सप्टेंबरला नौदलाची सहावी बांधकाम बटालियन, म्हणजे सीबीज, तिथे उतरली. हल्ला आला की लढाऊ विमानं वर जात. ती परतेपर्यंत खड्डे बुजले नाहीत तर तशाच पट्टीवर उतरावं लागे. एका दुपारी सात विमानं अशी मोडली. म्हणून निम्मं काम बाँब पडण्याआधीच उरकलेलं असे.

५०० पौंडी बाँबच्या खड्ड्याला वाळू-खडी किती लागते ते मोजायचं, तेवढी डंपरमध्ये भरायची आणि डंपर पट्टीजवळ आडोशाला उभे ठेवायचे. तोच बाँब १,६०० चौरस फूट मार्स्टन मॅट, म्हणजे पोलादी पत्र्यांची जोडणी, उखडतो. तेवढ्याचे गठ्ठे पट्टीलगत रचून ठेवायचे. एक पत्रा १० फूट लांब, १५ इंच रुंद, ८७ भोकांचा, सुमारे ३० किलो वजनाचा. हिशेब केला तर एका खड्ड्यामागे १२८ पत्रे.

हल्ला संपताच वाकलेले पत्रे आधी काढायचे, मग भराव. तो कॉम्प्रेसरवर चालणाऱ्या हातोड्यांनी नीट ठासायचा. इथे घाई नडते. भराव सैल राहिला तर चाकांखाली खचतो, पत्रा झोळतो आणि शेजारचे सांधेही सुटायला लागतात. पाणी साचलं असेल तर चिखल भोकांतून वर येतो, त्यामुळे कडेला उतार हवाच.

पत्रे धावपट्टीला आडवे मांडायचे, विटांसारखे सांधे चुकवून. एका पत्र्याच्या कडेचे आकडे शेजारच्याच्या खाचांत घालून सरकवायचे. आकडा वाकलेला पत्रा सरळ बाजूला टाकावा. तो खाचेत बसवण्यातच वेळ जातो. पत्रे आणून देणारी रांग वेगळी, जोडणारी वेगळी. अशी १०० माणसं एक खड्डा ४० मिनिटांत पत्र्यांसकट पुरा करत.

१४ ऑक्टोबरला एका तासात १३ खड्डे बुजवले गेले. फावडी कमी पडली तेव्हा हेल्मेटनं माती वाहिली, आणि स्वयंपाकी पत्रे पुढे देत होते म्हणून जेवण नव्हतं. आदल्या रात्री कोंगो आणि हारुना या जपानी युद्धनौकांनी १४ इंची गोळ्यांचा मारा केला होता. त्यात विमानांचं पेट्रोल जवळजवळ सगळं गेलं, आणि मोडलेल्या बी-१७ बाँबफेकी विमानांच्या टाक्यांतून उरलंसुरलं काढून लढाऊ विमानं उडवावी लागली.