नेट बंद पडलं की आधी बघा, मग हात लावा

‘नेट चालत नाही’ असा फोन आला की मी पहिल्यांदा विचारतो, ‘आत्तापर्यंत काय काय बदलून पाहिलंत?’ उत्तर ऐकून बऱ्याचदा धस्स होतं. राउटर रीसेट केलेला असतो, डीएनएस (साइटच्या नावावरून आकडी पत्ता शोधून देणारी सेवा) बदललेला असतो, फायरवॉल (नको ती ये-जा अडवणारी) बंद केलेली असते. मूळ बिघाड एक होता, त्यात आणखी तीन मिसळलेले असतात. म्हणून शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी कळकळीने सांगतो: टर्मिनल उघडा आणि आधी फक्त बघा. बघण्याच्या कमांडने काही मोडत नाही.

इथे मी लिनक्सच्या कमांड सांगतोय. जुन्या पुस्तकांत ‘इफकॉन्फिग’ आणि ‘राऊट’ दिसतील. आता ते सगळं एकट्या ‘आयपी’ कमांडमध्ये आहे.

सुरुवात तळापासून करायची. ‘आयपी लिंक’ चालवा आणि कोनी कंसातले शब्द नीट वाचा. ‘अप’ म्हणजे तुम्ही इंटरफेस (मशीनची नेटवर्कची जोडणी) चालू ठेवलाय, इतकंच. ‘लोअर अप’ दिसलं तरच पलीकडून खरोखर सिग्नल येतोय. ‘नो कॅरिअर’ असेल तर कीबोर्ड सोडा आणि केबल, स्विचचा पोर्ट तपासा. हे न पाहता लोक तासभर सेटिंग उलथीपालथी करतात.

मग ‘आयपी अ‍ॅड्र’. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर मशीनला डीएचसीपी सर्व्हर (आपोआप पत्ते वाटणारा) सापडलेला नाही आणि त्याने स्वतःच एक पत्ता घेतलाय. लिनक्सवर पुष्कळदा तेवढाही नसतो, जागा रिकामीच दिसते. हाताने पत्ता द्यायचा तर ‘आयपी अ‍ॅड्र अ‍ॅड १९२.१६८.१.५०/२४ डेव्ह’ आणि पुढे इंटरफेसचं नाव. तो ‘/२४’ विसरू नका; पत्त्याचा किती भाग नेटवर्कचा, हे तो सांगतो. तो नसला की कमांड तक्रार न करता ‘/३२’ धरते, म्हणजे तुमच्या नेटवर्कमध्ये तुम्ही एकटेच. मग गेटवे (बाहेर जायचा दरवाजा, बहुधा राउटर) घालायला गेलात की ‘इनव्हॅलिड गेटवे’ अशी एरर येते आणि माणूस गेटवेचा आकडा पुन्हापुन्हा तपासत बसतो. चूक त्याच्या आधीच्या ओळीत असते.

असे बदल मशीन रीस्टार्ट केलं की पुसले जातात. कायमचे हवे असतील तर ‘एनएमसीएलआय’ या कमांडने किंवा तुमच्या सिस्टिमच्या कॉन्फिग फाइलमध्ये लिहा. पण दूरच्या मशीनवर एसएसएचने (नेटवरूनच त्याचं टर्मिनल उघडून) काम करताना हेच पुसलं जाणं जीव वाचवतं. बदल करण्याआधी मी ‘शटडाउन -आर +१०’ देऊन ठेवतो. स्वतःचाच रस्ता कापला गेला तर दहा मिनिटांत मशीन जुन्या सेटिंगवर परत येतं. सगळं ठीक झालं तर ‘शटडाउन -सी’ने रद्द करायचं. ज्या मशीनपाशी रात्री कुणी जाऊ शकत नाही, तिथे हे केल्याशिवाय मी इंटरफेसला हात लावत नाही.

पत्ता बरोबर असेल तर ‘आयपी राऊट’. ‘डिफॉल्ट’ने सुरू होणारी ओळ आहे का बघा आणि त्यातल्या गेटवेला ‘पिंग’ करा, म्हणजे ‘आहेस का?’ असा छोटा निरोप पाठवा. उत्तर नाही आलं तरी गेटवे मेला असं लगेच धरू नका. काही राउटर पिंगला उत्तर देत नाहीत. ‘आयपी नेइ’ बघा. तिथे ‘रीचेबल’ असेल तर तो जिवंत आहे, ‘फेल्ड’ असेल तर त्या पत्त्यावर कुणी नाही.

मग बाहेरचा आकडी पत्ता, उदाहरणार्थ १.१.१.१, आणि शेवटी एखाद्या साइटचं नाव पिंग करा. आकड्याने जातंय आणि नावाने नाही, म्हणजे दोष डीएनएसचा. नाव विचारणारी ‘डिग’ कमांड चालवली की खाली कोणत्या सर्व्हरने उत्तर दिलं तेही छापून येतं. तिथे १२७.०.०.५३ दिसलं तर तो तुमच्याच मशीनमधला मध्यस्थ; खरा सर्व्हर ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’ सांगेल.

एकच सेवा बंद असेल तर एररचे शब्द मोलाचे. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे बहुतेक वेळा तुम्ही पोहोचलात, पण त्या पोर्टवर (हा स्विचचा नव्हे, सेवेचा क्रमांक) कुणी ऐकत नाही. त्या मशीनवर ‘एसएस -टीएलएन’ बघा. ‘टाइम्ड आउट’ म्हणजे तुमच्यापर्यंत उत्तरच आलं नाही, पॅकेट (डेटाचा पाठवलेला तुकडा) बहुधा वाटेत कुठेतरी टाकून दिलंय.

आता मला सर्वांत जास्त छळलेला बिघाड. दोन ऑफिसांमध्ये नवा टनेल (इंटरनेटमधून दोन नेटवर्क जोडणारा खासगी मार्ग) टाकला होता. डेटाबेसला लॉगिन व्हायचं, एका ओळीची क्वेरी चटकन यायची. मोठा रिपोर्ट मागितला की स्क्रीन तिथेच गोठायची. पिंग एकही चुकत नव्हता. सगळे डेटाबेसला दोष देत होते, आणि दोन दिवस मीही तिकडेच शोधत होतो.

मग डेटाबेसच्या मशीनवरून ‘पिंग -एम डू -एस १४७२’ दिलं. ‘-एम डू’ (यातला एम कॅपिटल) म्हणजे पॅकेट तोडू नकोस. १४७२ मध्ये आयसीएमपीचे (पिंग आणि नेटवर्कचे निरोप ज्यातून जातात त्या प्रोटोकॉलचे) ८ आणि आयपीचे २० बाइट मिळवले की नेहमीचे १५०० होतात. उत्तर नाही. १३०० ला आलं. १४०० ला नाही. असं करत १३९२ ला आलं, १३९३ ला पुन्हा शांतता. म्हणजे टनेलमधून १४२० पेक्षा मोठं पॅकेट जात नव्हतं. ‘हे मोठं आहे, लहान करून पाठव’ असा निरोप राउटर देत होता, पण मधल्या फायरवॉलमध्ये पिंग सोडून बाकीचं सगळं आयसीएमपी बंद होतं. सर्व्हरला निरोप मिळतच नव्हता, तो तेच मोठं पॅकेट परत परत पाठवत राहिला.

तात्पुरता उपाय म्हणून सर्व्हरच्या इंटरफेसवर ‘आयपी लिंक सेट’ने एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) १४२० केला आणि रिपोर्ट लगेच आला. खरा उपाय फायरवॉलमध्ये होता: टाइप ३, कोड ४ चा आयसीएमपी निरोप, म्हणजे तोच ‘मोठं आहे’ सांगणारा, सोडायला सांगितला. तो नियम बसल्यावर एमटीयू परत १५०० केला आणि तोच रिपोर्ट पुन्हा मागवून पाहिला.