वळवाच्या आधी जुन्या ट्रॅक्टरला रंग

गहू-हरभरा निघाला आणि नांगरटीची घाई सुरू व्हायला आठ-दहा दिवस हाताशी असतील, तर जुना ट्रॅक्टर आताच रंगवून घ्या. वळीव सुरू झाला की हवा दमट होते आणि घासून उघडा केलेला पत्रा एका रात्रीत तांबूस पडतो.

शेतावरच्या ट्रॅक्टरला रंग द्यायचा तो गंज थांबवायला. म्हणून निम्म्याहून जास्त मेहनत धुण्या-घासण्यातच जाते. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. ग्रीसचा थर खरवडा, डिझेलने पुसा आणि मग साबणाच्या गरम पाण्याने डिझेलही धुऊन काढा. हे शेवटचे काम राहिले की प्राइमर धरत नाही. बहुतेकांचा रंग इथेच फसतो आणि दोष जातो डब्याला. गंज 80 नंबरच्या पॉलिश पेपरने, पुढची सफाई 220 ने. जुन्या रंगात शिसे असू शकते, त्यामुळे पाणी मारत घासा, तोंडाला मास्क लावा, पोरांना लांब ठेवा.

मडगार्डची आतली बाजू टोच्याने टोचून पाहा. चिखल आणि खत तिथे साचते, पत्रा आतून सडतो. टोच्या आरपार गेला तर लांबी (पुट्टी) भरू नका, हादऱ्याने ती तडकणारच. तुकडा वेल्ड करून घ्या.

ग्रीस निपल (ग्रीस भरायची तोंडे), डिपस्टिक, ब्रीदर (हवा जायचे छिद्र), रबरी होस आणि चॅसी नंबर टेपने झाका. रेडिएटरच्या जाळीवर रंग बसला की हवा अडते, इंजिन तापते.

रेड ऑक्साइड प्राइमर, त्यावर सिंथेटिक इनॅमलचे दोन पातळ हात. एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर वापरू नका, खालचा जुना रंग सुरकुततो, टर्पेंटाइन बरे. पीयू (पॉलियुरेथेन) रंगाची वाफ फुफ्फुसाला घातक असते, तो घरी मारूच नये. सकाळी 7 ते 10 ही वेळ चांगली. दुपारी तापलेल्या पत्र्यावर फोड येतात. जागा सावलीची हवी, पण कडुनिंबाखाली नको, सध्या मोहोर गळतो. गोठ्याजवळही नको, भुसकट उडते. जमिनीवर आधी पाणी शिंपडा. सायलेन्सरला उष्णता सोसणारा रंग वेगळा मिळतो.

रंगच बदलायचा असेल तर आधी आरटीओत चौकशी करा, आरसीवर रंगाची नोंद असते.

रंगाच्या दोन हातांमध्ये एक रात्र जाऊ द्या. शेवटी टेप काढून प्रत्येक निपलला ग्रीस मारा, मगच ट्रॅक्टर नांगराला जोडा.