मॅटलॅबमध्ये चौकोनी तरंग: कडा तिरप्या का दिसतात?

मॅटलॅब या गणिती प्रोग्रॅमिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ५० हर्ट्झचा चौकोनी तरंग हवा असेल तर सॅम्पलिंग दर (सेकंदाला घेतलेले नमुने) १०,००० ठेवा, म्हणजे एका आवर्तनात नेमके २०० नमुने बसतात. वेळेचा अ‍ॅरे ० पासून ०.०००१ सेकंदाच्या पायरीने ०.०९९९ पर्यंत घ्या. ०.१ घेतलात तर शेवटचा नमुना पुढच्या आवर्तनाचा ठरतो आणि एफएफटी (तरंगातल्या वारंवारता वेगळ्या काढणारी गणना) बिघडते.

आता स्क्वेअर फंक्शनला २ × पाय × ५० × वेळ द्या. नुसते ५० × वेळ दिले, की वारंवारता सुमारे ८ हर्ट्झवर येते. नवशिक्यांची ही हमखास चूक. उत्तर −१ ते +१ मध्ये येते. ० ते ५ व्होल्ट हवे असल्यास १ मिळवून २.५ ने गुणा. ड्युटी सायकल, म्हणजे आवर्तनात तरंग वरच्या पातळीवर राहण्याचा वाटा, मॅटलॅबमध्ये टक्क्यांत द्यायचा (२५), पायथनच्या सायपाय लायब्ररीत मात्र अपूर्णांकात (०.२५).

कडा तिरप्या दिसल्या तर दोष तरंगाचा नाही, आलेख काढणाऱ्या प्लॉट फंक्शनचा: ते बिंदू रेषेने जोडते. त्याऐवजी पायऱ्यांसारखा आलेख काढणारे स्टेअर्स वापरा. स्क्वेअरऐवजी साइनचे चिन्ह (धन असेल तर +१, ऋण असेल तर −१) घेण्याची युक्ती सोपी खरी, पण साइन नेमका ० असेल तिथे ० हीच तिसरी पातळी घुसते.